पगाराचा रुपया वाया जातो का?

मार्च जवळ आला की पुण्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाच्या) बैठकांत आणि देणगीदारांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमचा पैसा थेट गरजूंपर्यंत पोचला पाहिजे, पगारावर एक रुपया जाता कामा नये." यावर समाजकार्याची पदवी घेतलेली मंडळी उसळतात. हा व्यवसाय आहे, पदवीशिवाय कोणी त्यात पडूच नये, डॉक्टर-वकिलांसारखी आमचीही परिषद हवी, असे त्यांचे म्हणणे. मग पहिला पक्ष विचारतो, सावित्रीबाईंकडे कुठली पदवी होती? दुसरा म्हणतो, तळमळीने घरभाडे भरता येत नाही. वाद तिथेच घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. भांडण सगळे माणसाबद्दल: तो कोण असावा, त्याला किती द्यावे. तो दिवसभर करतो काय, हे कोणी विचारत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. समाजकार्यात वाटली जाणारी वस्तू बहुतेक वेळा दुय्यम असते. चौकशी, गृहभेट, नोंद आणि पाठपुरावा ही मूळ सेवा आहे, म्हणून ती करणाऱ्याच्या पगाराला गळती म्हणणे हिशेबाचीच चूक आहे. आणि ही सेवा कोणाला जमते हे पदवीवरून ठरत नाही. कामाची पद्धत कागदावर उतरली आहे का, आणि तिसऱ्या माणसाला ती तपासता येते का, यावरून ठरते.

आधी हिशेबच पाहू. सीएसआरच्या चर्चेत 'पाच टक्के' हा आकडा मंत्रासारखा फेकला जातो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. नियमांनी घातलेली ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार कायद्याच्या लेखी प्रशासकीय खर्च नाही, पण बैठकीत तो तसा मानला जातो. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. तिथेही नियमांनी रुग्णालयातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरलेला नाही. कारण उघड आहे, डॉक्टर हाच दवाखान्याचा माल. मग वस्तीतल्या कार्यकर्तीला वेगळा न्याय का? तिच्या हातात इंजेक्शन दिसत नाही म्हणून?

तिच्या हातात काय असते, ते एका कल्पित पण नेहमीच्या प्रकरणावरून पाहू. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली आठवीतली मुलगी शाळेत जायची बंद झाली. देणगीदाराच्या डोक्यात लगेच सायकल येते: चार-पाच हजारांची वस्तू, हँडलला फुगे, फोटो. कार्यकर्ती पहिल्यांदा घरी जाते तेव्हा आजी शेजारी बसलेली असते आणि उत्तर मिळते, "तिचं अभ्यासात लक्ष नाही." दुसऱ्या भेटीत आई सापडते. ती सकाळी साडेसहाला सहकारनगरात धुणीभांड्याला निघते, पाणी त्यानंतर येते, धाकटा भाऊ अंगणवाडीतून दुपारी परततो, तेवढा वेळ घरी कोणीतरी हवे. तिसऱ्या भेटीत मुलगी कार्यकर्तीला बसथांब्यापर्यंत सोडायला येते आणि घरात कधीच न निघालेली गोष्ट चालता चालता निघते: कोपऱ्यावर उभी राहणारी चार पोरे. सातवीनंतर शाळा बदलली, वाट बदलली, आणि वाटेत ते आले. सायकल दिली असती तरी त्याच कोपऱ्यावरून जावे लागले असते. इथे उपाय म्हणजे गल्लीतल्या तीन मुलींनी एकत्र जाण्याची सोय, शेजारणीकडे दोन तास भाऊ, मुख्याध्यापिकेशी एक बोलणे, आणि मुलीची तयारी असेल तर पोलिसांच्या दामिनी पथकाला कळवणे. वस्तूंवरचा खर्च शून्य, आणि कार्यकर्तीचे वीसेक तास. 'व्यक्तीला तिच्या परिस्थितीसकट पाहा' असे समाजकार्याच्या पहिल्या वर्गात शिकवतात ते हेच, आणि तिसऱ्या भेटीआधी ते कोणालाही दिसत नाही.

या तासांचे गणितही मांडता येते, आणि देणगीदाराने ते मांडायला हवे. एका कार्यकर्तीकडे ४० कुटुंबे, प्रत्येकाला महिन्यात दोन भेटी, म्हणजे ८० भेटी. जाणे-येणे, बोलणे आणि नोंद धरून एका भेटीला दीड तास, म्हणजे १२० तास. महिन्याचे २६ दिवस आठ-आठ तास धरले तर २०८ तास होतात. उरलेल्या ८८ तासांत शाळा, वॉर्ड ऑफिस, तहसील कचेरी, ससून रुग्णालय, पोलीस चौकी आणि कार्यालयातली साप्ताहिक बैठक. गणित जेमतेम बसते. आता खर्च वाचवण्यासाठी तिच्याकडे १५० कुटुंबे द्या. नुसत्या भेटींनाच ४५० तास लागतील. मग काय होते? डायरीत 'गृहभेट' लिहिले जाते आणि प्रत्यक्षात फोन होतो. फोन ज्याच्या हातात असतो तोच बोलतो, आणि तो बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो. म्हणजे पगार वाचवून आपण नेमकी ती आजीशेजारची पहिली भेट पुन्हा पुन्हा विकत घेतो. कार्यकर्त्या खोटे लिहितात म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी हा भागाकार करून पाहावा.

आता समोरच्यांची बाजू. ती कमकुवत नाही. पहिला आक्षेप: संस्थांत पैसा खाल्ला जातो. खरे आहे. विश्वस्तांचे नातेवाईक 'प्रकल्प समन्वयक' म्हणून पगार घेतात, गाडी संस्थेची आणि फेऱ्या घरच्या, हे पुण्यात कोणाला नवे नाही. पण पगारच बंद केल्याने चोरी थांबते का? चोरी वस्तूंच्या बिलात सरकते, आणि तिथे ती शोधणे अधिक अवघड. ३०० दप्तरांच्या खरेदीत किती मुरले हे देणगीदाराला कळणे कठीण. उलट ४० कुटुंबांच्या ४० फायली आहेत का, त्यांत तारखा आहेत का, हे अर्ध्या तासात दिसते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि पुण्यात तो सगळ्यात जोरात येतो. फुल्यांनी, कर्व्यांनी, बाबा आढावांनी कुठे समाजकार्याचे शिक्षण घेतले होते? नव्हते घेतले. पण या माणसांकडे फक्त तळमळ होती असे म्हणणे हा त्यांचाच अपमान आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा विधवांसाठी पुण्यात जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा होता: येथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्यायचे की येथे ठेवायचे हे तुमच्या खुशीवर. नीट वाचा. गुप्तता आहे, निर्णय त्या बाईचा आहे, आणि तिच्या चारित्र्याबद्दल एक अक्षर नाही. फेलिक्स बिस्टेक या अमेरिकी जेझुइट प्राध्यापकाने १९५७ मध्ये केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या समाजकार्याची, सात तत्त्वे मांडली. त्यांत गुप्तता, स्वयंनिर्णय आणि निवाडा न करण्याची वृत्ती ही तीन आहेत. ती आज प्रत्येक अभ्यासक्रमात पाठ करून घेतली जातात. पुण्यात ती ९४ वर्षे आधी भिंतीवर लागली होती. म्हणजे फुल्यांकडे पदवी नव्हती, पद्धत मात्र होती, आणि ती परदेशी पाठ्यपुस्तकाहून जुनी होती. सावित्रीबाईंचे नाव घेऊन 'पद्धत कशाला हवी' म्हणणारे त्या जाहिरातीचा मजकूर विसरतात.

पगाराबद्दलही तेच. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यागाचे उदाहरण म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवू नये, अशी शपथ तिथे होतीच. पण तिच्यातच समाज त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तिच्यावर त्याने समाधान मानावे, असेही होते. म्हणजे तरतूद गृहीत होती. आणि नव्या सभासदाला पाच वर्षे प्रशिक्षणात काढावी लागत. पाच! आजचा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातला पदव्युत्तर अभ्यासक्रम, दोन वर्षांचा आहे. सेवेला शिक्षण लागते आणि सेवकाच्या घरी चूल पेटावी लागते, या दोन्ही गोष्टी गोखल्यांना मान्य होत्या. 'निःस्वार्थ सेवा म्हणजे फुकट सेवा' हे समीकरण मग आले कुठून? मला वाटते, ज्यांच्या घरी दुसरे कोणी कमावते होते त्यांच्या सोयीतून. त्या समीकरणाचा परिणाम असा की वस्तीतलीच एखादी हुशार मुलगी हे काम करू शकत नाही, कारण तिला फुकट राबणे परवडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो देणगीदारांकडून क्वचित येतो. तो वस्त्यांतून येतो. तुमची ही चौकशी म्हणजे पाळत आहे. घरात टीव्ही आहे का, नवरा पितो का, किती मुले, हे विचारणारे तुम्ही कोण? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. १८६९ साली लंडनमध्ये निघालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने घरोघर चौकशीची शिस्त घालून दिली, पण तिचा मुख्य उद्देश 'लायक' गरीब आणि 'नालायक' गरीब वेगळे काढणे हा होता. आपल्याकडेही शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत "मग मोबाइल कशाला घेतला?" हा प्रश्न आज विचारला जातोच. त्याच परंपरेतून आलेल्या अमेरिकी समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये चौकशीचे शास्त्र मांडले आणि मोठा बदल केला. एकाच्या सांगण्यावर विसंबू नका, माहितीचा प्रत्येक स्रोत स्वतंत्र तोला, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे लिहा. तरीही प्रश्न उरतो: ही माहिती कोणाच्या कामासाठी गोळा होते? मदत नाकारायला की मदत नेमकी करायला? त्याची व्यवहारी खूण सोपी आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने पुढची कृती बदलत नाही, तो प्रश्न अर्जात नसावा. टीव्हीचा प्रश्न या कसोटीवर बाद होतो. पाणी किती वाजता येते, हा टिकतो.

चौकशी वाईट झाली तर काय होते हे पाहायचे असेल तर संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे येणारे सामाजिक अन्वेषण अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या चौकशीचे अहवाल, पाहावेत. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांत समितीपुढे आणायचे, १५ दिवसांत सामाजिक अन्वेषण पूर्ण करायचे, म्हणजे चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता येतो. त्याच कायद्याचे तत्त्व आहे की संस्थेत ठेवणे हा शेवटचा मार्ग. प्रत्यक्षात वेळ नसलेला माणूस फोनवरून रकाने भरतो आणि 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची' हे वाक्य एका अहवालातून दुसऱ्यात उतरते. या वाक्याने समितीला काहीच कळत नाही. कळायला काय हवे? घरात मोठे माणूस किती तास असते, मूल कोणाजवळ जाऊन बसते आणि कोण आले की गप्प होते, मामा किंवा आत्या सांभाळायला तयार आहे का, आणि बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान मिळाले तर ती तयारी टिकेल का. ही चार उत्तरे असली तर मूल घरी राहू शकते. नसली तर समिती सावधपणाने संस्थेचा पर्याय निवडते, आणि केवळ गरिबीपायी मूल आईपासून दूर जाते. संस्थेत त्याच्यावर होणारा खर्च मात्र कोणाला 'प्रशासकीय' वाटत नाही, कारण तिथे पलंग, ताट आणि गणवेश दिसतात.

गरज कोणी ठरवायची, याचा धडाही पुण्यातच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचे लोक कचरा वेचणाऱ्या बाया-मुलांकडे साक्षरतेचे काम घेऊन गेले. बायांची मागणी वेगळी होती: कचराकुंडीत हात घालायला लागू नये, सुका कचरा घराच्या दारातच वेगळा मिळावा. इथे दोन रस्ते होते. आपला कार्यक्रम रेटायचा, वर्गांची संख्या दाखवायची आणि अहवाल पाठवायचा, किंवा ऐकायचे. त्यांनी ऐकले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचकांची संघटना उभी राहिली, पुढे ओळखपत्रे आली, आणि 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत पुणे महापालिकेशी दारोदारच्या कचरा संकलनाचा करार झाला. हे कोणाचे यश, पदवीवाल्यांचे की बायांचे? प्रश्नच चुकीचा आहे. विद्यापीठाचे पगारी लोक होते, बाबा आढावांची हमाल पंचायतीतली संघटनेची शिस्त होती, आणि रोज पहाटे निघणाऱ्या बाया होत्या. यातला एक जण काढून पाहा, काय उरते?

संशोधनाबद्दल तर आपल्या देणगीदारांना ॲलर्जीच आहे. 'सर्व्हे किती करणार, काम करा' हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पिंपळे सौदागरला आज टॉवर आणि मॉल आहेत. तिथे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शेतीची पाहणी केली होती, आणि ती प्रसिद्ध झाली रिचमंडबाईंच्या त्याच १९१७ साली. १५६ खातेदार, जमिनीचे तुकडे ७२९, त्यांतले ४६३ एक एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. शेतकरी आळशी, उधळ्या, लग्नात पैसा घालवणारा, हे ऐकत आलेल्या साहेबांपुढे हे आकडे आले. पाव एकरावर कोणता उद्योगी माणूस श्रीमंत होणार होता? अशा मोजण्यांमधून धोरणाची भाषा बदलली आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा आला. (त्याच कायद्याने नंतर पुण्याभोवती गुंठेवारीचे त्रांगडे वाढवले, ही गोष्टही खरी. पण तेही मोजल्यावरच कळले.) आज ५० शिलाई यंत्रे वाटणारी संस्था ५० हा आकडा छापते. वर्षाने किती चालू आहेत, बंद पडलेली का पडली, सुई आणि पट्ट्यामुळे, दहा बाय दहाच्या खोलीत जागा नाही म्हणून, की नगामागची मजुरी इतकी कमी की वीजबिल निघत नाही? आणि यंत्र न मिळालेल्या शेजारणींची कमाई तेवढ्याच काळात किती बदलली? हे शेवटचे विचारल्याशिवाय यंत्राचा उपयोग झाला असे म्हणताच येत नाही. हे विचारायला पुन्हा एक पगारी माणूस लागतो.

हीच नोंद धोरणापर्यंत कशी पोचते, ते धर्मादाय रुग्णालयांवरून दिसते. नियम असा की धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी. कागदावर हक्क पक्का. रात्री अकरा वाजता दाखल झालेल्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसतो, आणि अनामत भरायला बायकोचे मंगळसूत्र जाते. रुग्णालयातली समाजसेविका हे प्रकरण सोडवते तेव्हा ती एक केस असते. तिच्या वहीत त्याच अडचणीच्या तीस नोंदी जमल्या की तो दाखल्याच्या नियमाचा दोष असतो, आणि तो धर्मादाय आयुक्तांपुढे मांडता येतो. वही नसेल तर प्रत्येक रात्र नवी, आणि प्रत्येक मंगळसूत्र एकटे.

मग परिषद आणि परवाना हवा का? पदवीवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आज एखाद्याने पीडित बाईची हकिगत नावानिशी चारचौघांत सांगितली, तर ज्याच्या पटावरून त्याचे नाव कमी व्हावे असा सर्वांना लागू होणारा पटच नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजसेवकांना अनुसूचीत घेतले, बाकीचे मोकळे आहेत. पण सरसकट परवाना आणला तर कचरा वेचकांची संघटना चालवणाऱ्या बाया उद्या बेकायदा ठरतील. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ मध्ये समाजकार्य हा पुरा व्यवसायच नाही असे म्हटले. त्यांचे कारण असे की ते मध्यस्थी करते, त्याचे असे स्वतंत्र क्षेत्र नाही. शंभर वर्षे लोटली तरी ती बोच गेली नाही, आणि परवान्याच्या हट्टामागे मला तीच दिसते. माझ्या मते परवाना कामाला हवा, नावाला नको. ज्या अहवालावरून न्यायालय किंवा समिती मुलाचा ताबा, बाईची सुरक्षितता किंवा रुग्णाचे उपचार ठरवते, तो लिहिणाऱ्याला प्रशिक्षण आणि नोंदणी सक्तीची असावी. वस्तीतल्या बचत गटाला किंवा मोर्चाला नको. आणि महाविद्यालयांनीही स्वतःकडे पाहावे. क्षेत्रकार्याच्या दिवशी विद्यार्थ्यांना संस्थेच्या आधार कार्डाच्या शिबिरात अर्ज भरायला बसवायचे आणि वर्षाअखेरीस तास मोजून सही द्यायची, यातून तयार झालेला पदवीधर तिसरी गृहभेट कशी करणार?

म्हणून यंदाच्या बैठकीत पगाराचा रकाना खोडण्याआधी देणगीदाराने संस्थेला एवढेच विचारावे: एका कार्यकर्तीमागे किती कुटुंबे, आणि तिच्या कामावर देखरेख करणारी व्यक्ती तिच्यासोबत आठवड्यात एकदा तरी बसते का. मग नाव झाकलेली एक जुनी फाइल मागावी, यशाची नको. जिथे मुलगी शाळेत परतली नाही आणि प्रकरण बंद करावे लागले, अशी. त्यात किती भेटी झाल्या, काय करून पाहिले आणि कोणत्या तारखेला, कशामुळे हात टेकले, हे लिहिलेले सापडते का ते पाहावे. अशी एकही फाइल नाही असे उत्तर आले, तर मात्र पगारच काय, दप्तरांचेही पैसे देऊ नयेत.